भाषणावरून पात्र कसं ओळखायचं: 'ज्युलियस सीझर'मधले ब्रूटस आणि अँटनी

शेक्सपिअरच्या 'ज्युलियस सीझर' नाटकावर प्रश्न आला की एक उत्तर हमखास लिहिलं जातं. ब्रूटस प्रामाणिक पण भोळा, अँटनी हुशार पण धूर्त, मग त्याखाली पुनरुक्ती, उपरोध वगैरेची यादी, की झालं. त्यात चुकीचं काही नाही पण हे सगळं नाटक न उघडता पण लिहिता येतं ना, आणि भाषणातून माणूस कसा दिसतो हा जो मूळ प्रश्न असतो तो तसाच राहतो.

मी वापरते ती पद्धत सोपी आहे. भाषण करणारा स्वतःबद्दल जे सांगतो ते सध्या बाजूला ठेवायचं आणि समोर उभ्या असलेल्या लोकांबद्दल त्याने काय गृहीत धरलंय ते शोधायचं. यांना काय दिलं की हे माझ्या बाजूला येतील असं त्याला वाटतंय? कारणं? अश्रू? पैसे? की नुसता माझा शब्द? स्वतःबद्दल कोणीही काहीही बोलतं हो, पण समोरच्याबद्दलचा अंदाज लपवता येत नाही, तो प्रत्येक वाक्यात असतो. शोकांतिका असेल तर हा अंदाजच पुढे त्या माणसाला महागात पडतो.

आपल्याला लागणार आहे तिसऱ्या अंकातला दुसरा प्रवेश. रोममधला फोरम म्हणजे भर चौक, सीझरचा खून नुकताच झालाय, आधी खून करणाऱ्यांपैकी ब्रूटस बोलतो मग सीझरचा मित्र अँटनी. शेक्सपिअरने गोष्ट घेतली प्लुटार्क या प्राचीन ग्रीक चरित्रकाराकडून, म्हणजे त्याच्या चरित्रांचं थॉमस नॉर्थने केलेलं इंग्रजी भाषांतर 1579 मध्ये आलं होतं त्यातून, पण प्लुटार्ककडे ही दोन भाषणं अशी एकापाठोपाठ एका व्यासपीठावर होत नाहीत. ती शेजारी आणून ठेवली नाटककाराने, म्हणजे आपण तुलना करावी ही त्याचीच इच्छा आहे. नाटक 1599 मध्ये लंडनला रंगमंचावर होतं हे नक्की कारण एका स्विस प्रवाशाने बघितल्याची नोंद ठेवलीये, छापलं गेलं मात्र 1623 ला. म्हणजे हे लिहिलंय ऐकण्यासाठी, म्हणून तुम्हीही मोठ्याने वाचा. मनात वाचलं तर निम्मं निसटतं, विशेषतः अँटनीचं.

पण थेट भाषणावर जाऊ नका.

आधी ते एकटे असताना काय बोलतात ते बघा

ब्रूटससाठी दुसऱ्या अंकाचा पहिला प्रवेश उघडा. रात्र आहे, तो बागेत एकटा आहे आणि स्वतःशीच बोलतोय की सीझरला मरावंच लागेल. का? तर त्याच्याविरुद्ध माझं वैयक्तिक काही नाही, त्याने आजवर काही भयंकर केलंय असंही नाही, पण मुकुट मिळाला तर तो बदलेल, बदलू शकेल. मग तो स्वतःलाच सांगतो की आत्ता तो जसा आहे त्यावरून आरोप उभा राहत नाही ना, तर मग मुद्दा असा मांडूया की हा अजून मोठा झाला तर काय होईल. ही ओळ अधोरेखित करून ठेवाच. पुरावा नाहीये हे त्याला माहितीये आणि तो युक्तिवाद बनवतोय, आणि गंमत म्हणजे तेव्हा समोर कोणीच नाही, म्हणजे पहिला पटवला गेलेला श्रोता तो स्वतःच.

अँटनीसाठी भाषणाच्या लगेच आधीचा प्रवेश. कट करणाऱ्यांचे रक्ताने माखलेले हात तो एकेक करून हातात घेतो, अगदी मित्रासारखा, आणि सगळे गेल्यावर प्रेताशी बोलतो की या खाटकांशी मी नरमाईने वागलो, मला माफ कर. मग इटलीभर यादवी माजेल, रक्तपाताचं कुणाला काही वाटेनासं होईल, असं भविष्य सांगतो. म्हणजे फोरममध्ये पाऊल ठेवायच्या आधी त्याला काय हवंय ते आपल्याला माहीत आहे. हे ज्याने वाचलं नाही त्याला भाषणातला अँटनी नुसता दुःखी मित्र वाटू शकतो, आणि दुःखी तो आहेच, एकट्याने प्रेताशी बोलताना नाटक कोणासाठी करणार? फक्त त्या दुःखाचा उपयोग कसा करायचा हे त्याला त्याच क्षणी कळलेलं आहे.

याच प्रवेशात परवानगीचा भाग आहे तोही सोडू नका. अँटनी अंत्यविधीत बोलायची परवानगी मागतो, कटातलाच कॅशियस ब्रूटसला बाजूला घेऊन सांगतो की हे करू नकोस, लोक किती हलतील याची तुला कल्पना नाही. ब्रूटस म्हणतो मी आधी बोलेन, कारणं सांगेन, आणि अँटनीला अटी घालतो: आम्हाला दोष द्यायचा नाही, सीझरबद्दल चांगलं हवं तेवढं बोल, पण आमच्या परवानगीने बोलतोयस हे सांग, आणि माझ्यानंतर बोल. ब्रूटसचा हिशोब असा की एकदा कारण सांगितलं की विषय संपला, नंतर कोण काय बोललं याने काय फरक पडणार. इथेच त्याने लोकांबद्दल काय धरून चाललंय ते दिसतं. त्याला वाटतंय रोममधला प्रत्येक माणूस ब्रूटस आहे.

ब्रूटसचं भाषण: काय आहे त्यापेक्षा काय नाही ते बघा

पहिली गोष्ट, एरवी ब्रूटस बहुतेक पद्यात बोलतो, इथे गद्यात बोलतो. भाषांतर वाचत असाल तर हे कदाचित दिसणार नाही, मूळ संहितेचं पान एकदा नजरेखालून घाला, नुसत्या ओळींच्या लांबीवरून पण कळतं. गद्य, पण किती घासूनपुसून केलेलं! सुरुवातीलाच म्हणतो माझ्या सन्मानासाठी माझ्यावर विश्वास ठेवा आणि विश्वास ठेवता यावा म्हणून माझ्या सन्मानाची कदर करा, म्हणजे वाक्य जिथून निघालं तिथेच परत येतं. मग सीझरने माझ्यावर प्रेम केलं म्हणून मी रडतो, तो नशीबवान होता म्हणून आनंद मानतो, शूर होता म्हणून मान देतो, पण महत्त्वाकांक्षी होता म्हणून मी त्याला मारलं. तराजूच्या पारड्यांसारखी वाक्यं, एकेक बाजू मोजून ठेवलेली. प्लुटार्क सांगतो की खऱ्या ब्रूटसच्या ग्रीक पत्रांची शैली अशीच तुटक, मोजक्या शब्दांची होती, तर शेक्सपिअरने ते उचललं असावं असं मला वाटतं.

आता पेन्सिल घ्या आणि या भाषणात सीझर महत्त्वाकांक्षी होता याचा एक तरी प्रसंग शोधा. सापडणार नाही. काय म्हणतो तो, तर त्याच्या मृत्यूची कारणं कॅपिटॉलमध्ये, म्हणजे नाटकात सिनेट भरते तिथे, नोंदवून ठेवली आहेत. समोर हजारो माणसं आणि हा सांगतोय की तिकडे नोंद आहे! बागेतल्या रात्रीची आठवण इथे जोडा. त्याच्याकडे पुरावा तेव्हाही नव्हता, आताही नाही, आणि त्या जागी त्याने जे ठेवलंय ते म्हणजे स्वतःचं नाव. हे मुद्दाम फसवणं नाहीये हे लक्षात घ्या, त्याला मनापासून वाटतं की ब्रूटसने केलं म्हणजे कारण असणारच, आणि हाच त्याचा गर्व, जो त्याला स्वतःला कधी दिसत नाही. महत्त्वाकांक्षी आहे म्हणून ज्याने माणूस मारला त्याच्या भाषणात 'मी' किती वेळा येतो तेही एकदा मोजून बघाच.

मग त्याचे प्रश्न. इथे कोण एवढा नीच आहे ज्याला गुलाम व्हायचंय? असेल तर बोला, त्याचा मी अपराधी आहे. उत्तरासाठी थांबतो, असंही म्हणतो. आता भर गर्दीत कोण हात वर करून म्हणणार की हो मीच तो नीच? प्रश्न असा बांधलाय की उत्तर एकच येऊ शकतं, आणि ते आल्यावर तो खरंच समजतो की लोकांना पटलं. गर्दी गप्प बसणं आणि गर्दीला पटणं यातला फरक त्याला कळत नाही, अँटनीला नेमका तोच कळतो.

लोकांची प्रतिक्रिया वाचा, माझ्या मते पूर्ण नाटकातली सगळ्यात जहरी जागा ती आहे. कोणी म्हणतं याला मिरवत घरी न्या, कोणी म्हणतं याचा पुतळा उभारा, आणि एक जण ओरडतो की यालाच सीझर करा. अहो पण एकाच माणसाच्या हाती सत्ता जाऊ नये म्हणून तर खून केला ना! म्हणजे भाषण यशस्वी झालं आणि त्यातलं एक अक्षर कोणाला कळलं नाही. ब्रूटस यावर काही बोलत नाही, उलट लोकांना विनंती करतो की माझ्यासाठी थांबा, अँटनीचं ऐका, आणि स्वतः निघून जातो. हे निघून जाणं पण भाषणाचाच भाग म्हणून लिहा.

अँटनीचं भाषण: हे तुकडे पाडूनच वाचायचं

अँटनी चढतो तेव्हा वातावरण विरोधी आहे, कोणीतरी म्हणतं इथे ब्रूटसविरुद्ध बोलला नाही तर बरं. म्हणून पहिला तुकडा पूर्ण साळसूद. मी सीझरला पुरायला आलोय, स्तुती करायला नाही. ब्रूटस म्हणतात तो महत्त्वाकांक्षी होता, तसं असेल तर मोठाच दोष. त्या 'असेल तर'कडे लक्ष द्या. आणि मग ते प्रसिद्ध ब्रूटस सन्माननीय माणूस आहे, जे तो पुन्हा पुन्हा म्हणतो. दर वेळी ते वाक्य कशानंतर येतंय त्याची समासात नोंद करत जा. एकदा सीझर माझा मित्र होता, माझ्याशी प्रामाणिकपणे वागला, यानंतर. एकदा सीझरने आणलेल्या युद्धकैद्यांच्या खंडणीने सरकारी तिजोरी भरली आणि गरीब रडले तेव्हा सीझरही रडला, यानंतर. एकदा मी तीनदा मुकुट पुढे केला, त्याने तीनदा नाकारला, यानंतर. शब्द तेच पण प्रत्येक वेळी त्यांच्याखालची जमीन थोडी सरकलेली, आणि शेवटी गर्दीतलाच एक जण 'सन्माननीय कसले, गद्दार!' असं ओरडतो. लेकी बोले सुने लागे याचा याहून चांगला नमुना मला माहीत नाही. आणि अट कुठे मोडली? आम्हाला दोष द्यायचा नाही असं ब्रूटसने सांगितलं होतं, अँटनीने दोष दिलाच नाही, लोकांकडून देववला.

यातून अँटनीचा स्वभाव कळतो तो हा की त्याला लोकांना निष्कर्ष द्यायचाच नाहीये, त्यांना तो स्वतःचा वाटला पाहिजे. ब्रूटस उत्तर सांगून टाकतो, अँटनी सामान पुढे ठेवतो आणि बाजूला उभा राहतो. मुकुटाचा पुरावा मात्र तपासून घ्या. पहिल्या अंकात कास्का, जो पुढे कटात सामील होतो, तोच प्रसंग सांगतो की दर वेळी सीझरचा नकार आणखी नरम होत गेला, आणि दुसऱ्यांदा नाकारताना तर त्याचा हात मुकुटावरून निघायला तयार नव्हता. कास्का स्वतः तिरकस माणूस, त्याचंही सगळं धरू नका, पण मुकुट पुढे करणारा अँटनीच होता हे तर अँटनी स्वतःच सांगतोय, आणि पुढे का केला होता याबद्दल चकार शब्द नाही.

मग मधेच थांबतो, माझं काळीज तिथे शवपेटीत सीझरपाशी आहे, परत येईपर्यंत थांबू द्या. ब्रूटसचा थांबा आठवा, तो उत्तरासाठी थांबला होता. अँटनी थांबतो तेव्हा लोक आपापसात बोलायला लागतात, एक म्हणतो याच्या बोलण्यात तथ्य आहे, दुसरा म्हणतो बिचाऱ्याचे डोळे बघा रडून लाल झालेत. हे दोन थांबे शेजारी ठेवून एक परिच्छेद लिहिलात तरी अर्धं उत्तर झालं.

पुढे मृत्युपत्र. कागद दाखवतो आणि म्हणतो वाचणार नाही, वाचलं तर तुम्ही वेडे व्हाल, तुम्ही लाकूड नाही, दगड नाही, माणसं आहात. आता नाटकाच्या अगदी पहिल्या प्रवेशावर जा. तिथे मारुलस नावाचा लोकप्रतिनिधी याच रोमच्या लोकांना ठोकळे, दगड म्हणून झापतो, काल सीझरचा प्रतिस्पर्धी पॉम्पी याच्यासाठी टाळ्या पिटत होतात आणि आज सीझरसाठी का, म्हणून. मारुलसचं म्हणणं तसं खरंच होतं. पण लोकांना दगड म्हणणारा लवकरच गप्प केला जातो आणि तुम्ही दगड नाही म्हणणारा रोम ताब्यात घेतो. दोघांपैकी लोकांना मनातून कोण जास्त तुच्छ समजतं? मला विचाराल तर अँटनी. मारुलसला निदान लोकांनी काल काय केलं ते लक्षात ठेवावं असं वाटत होतं.

मृत्युपत्र तसंच टांगून ठेवून तो खाली उतरतो, तेही लोकांना विचारून, उतरू का, परवानगी आहे का. वर येताना परवानगी ब्रूटसची होती, खाली उतरताना लोकांची झाली. आता झगा. हा झगा तुम्ही ओळखता, सीझरने पहिल्यांदा घातला ती संध्याकाळ मला आठवते, उन्हाळ्यातली, तंबूत, गॉलमधल्या (आजच्या फ्रान्स-बेल्जियमकडच्या) नर्व्हाय जमातीला हरवलं त्या दिवशी. मग एकेक भोक दाखवतो, इथून कॅशियसचा खंजीर गेला, हा कास्काचा, हा लाडक्या ब्रूटसचा. वाचताना अंगावर काटा येतो आणि तिथेच थांबून विचारायचं की याला कसं माहीत? खून होत होता तेव्हा कटातलाच ट्रेबोनियस अँटनीला बाहेर घेऊन गेला होता, हे आधीच्या प्रवेशात स्पष्ट आहे. कोणतं भोक कोणाचं हे त्याला माहीत असणं शक्यच नाही. आणि इतिहासातला अँटनी तर नर्व्हाय लढाईच्या वेळी, म्हणजे इ.स.पू. 57 मध्ये सीझरबरोबर नव्हताच, तो गॉलमध्ये नंतर आला. इतिहासाचा मुद्दा उत्तरात जपून वापरा, नाटकातल्या अँटनीवर तो थेट लागू करता येत नाही, ट्रेबोनियसचा पुरावा मात्र नाटकातलाच आहे, तो बिनधास्त वापरा.

यानंतर तो म्हणतो मी ब्रूटससारखा वक्ता नाही, साधा सरळ माणूस आहे, माझ्याकडे ना बुद्धी ना शब्द ना वजन ना हावभाव ना वाणी. वक्त्याला काय काय लागतं त्याची पूर्ण यादी देऊन सांगतोय की मी वक्ता नाही! मी इथे थांबून हसते दर वेळी. पण एक पाऊल पुढे जा. ब्रूटसने स्वतःला मोठं करून विश्वास मागितला, अँटनी स्वतःला लोकांएवढा करतो, आणि त्या गर्दीला ज्याच्याकडे मान वर करून बघावं लागेल असा नेता नको होता, आपल्यात उतरलेला हवा होता. लोक चेकाळून निघतात, मृत्युपत्र विसरतात, तोच त्यांना परत बोलावून आठवण करून देतो. प्रत्येकी 75 द्राख्मा, म्हणजे चांदीची नाणी, आणि टायबर नदीकाठच्या बागा सगळ्यांसाठी. हेच आधी सांगितलं असतं तर लाच वाटली असती, रडवून झाल्यावर सांगितलं म्हणून प्रेम वाटलं. लोक गेल्यावर एकटा उरतो आणि म्हणतो, आता चालू दे, आग लागलीये, हवी तिकडे जाऊ दे. सुरुवातीला एकट्याचं बोलणं, शेवटी एकट्याचं बोलणं, आणि मध्ये भाषण. अशी चौकट मिळाली की पात्राबद्दल छातीठोक लिहिता येतं.

भाषण संपलं तरी वाचन थांबवू नका

लगेच पुढचा प्रवेश छोटासा आहे, गर्दीला सिना नावाचा कवी सापडतो, कटातला एक जण पण सिनाच, हा सांगतोय मी तो नाही मी कवी आहे, तर म्हणतात मग वाईट कवितांसाठी फाडा याला. अँटनीच्या भाषणाचा हा निकाल. फोरमच्या प्रवेशाच्या सुरुवातीला याच लोकांपैकी एक म्हणत होता की ब्रूटस आणि कॅशियस दोघांची कारणं ऐकून तुलना करू, ते शोधून ठेवा म्हणजे किती खाली आले ते मोजता येईल.

आणि चौथ्या अंकाचा पहिला प्रवेश. सीझरनंतर सत्ता हातात घेतलेले तिघं, अँटनी, ऑक्टेव्हियस, लेपिडस, टेबलाशी बसून कोणाला मारायचं त्या नावांवर खुणा करतायत. लेपिडसच्या भावाचं नाव येतं, बदल्यात अँटनीच्या भाच्याचं येतं, अँटनी सहज म्हणतो हा बघा टिंब दिलं, मेला. मग लेपिडसला पाठवतो सीझरच्या घरी ते मृत्युपत्र आणायला, लोकांना द्यायच्या रकमेतून काय काय कापता येईल ते बघू म्हणून. तेच मृत्युपत्र! मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते हेच. उत्तरात जागा कमी असेल तर बाकी सगळं गाळा पण हे घाला, फोरममधलं वचन आणि टेबलावरची काटछाट, एका वाक्यात.

सीझरच्या स्वतःच्या भाषणालाही हीच पद्धत लावता येते, मरायच्या काही क्षण आधी तो मी ध्रुवताऱ्यासारखा अढळ आहे वगैरे बोलतो तिथे. त्यावर मी फार वेळ घालवत नाही, ते भाषण समोरच्यांसाठी नाहीच, तो स्वतःच्या पुतळ्याशी बोलतोय.

लिहिताना एवढंच सांभाळा की प्रत्येक मुद्द्यात तीन गोष्टी आल्या पाहिजेत: तो काय बोलला, त्यामागे लोकांबद्दलचा अंदाज काय, आणि नाटकात दुसरीकडे तो अंदाज खरा किंवा खोटा कुठे ठरतो. नुसतं इथे पुनरुक्ती आहे असं लिहून पुढे जाऊ नका, पुनरुक्ती तर सगळेच करतात.

सराव करायचा असेल तर शेवटचा प्रवेश घ्या. अँटनी-ऑक्टेव्हियसशी लढाई हरून ब्रूटस मेलाय, आणि अँटनी त्याच्या प्रेतापाशी उभा राहून म्हणतो की हा सगळ्यांत थोर रोमन होता, बाकीच्यांनी सीझरचा मत्सर म्हणून केलं, याने एकट्याने सगळ्यांच्या भल्याचा विचार करून केलं. बरेच जण हे नाटकाचा निवाडा म्हणून धरतात, पण थांबा, हाच माणूस लढाईआधी याच ब्रूटसला तोंडावर हरामखोर म्हणाला होता, माकडांसारखे दात काढत सीझरचे पाय चाटत होतात म्हणाला होता. आणि आता समोर कोण उभं आहे बघा. ब्रूटसची माणसं पकडून आणलीयेत, आणि ऑक्टेव्हियसने आत्ताच जाहीर केलंय की ब्रूटसच्या सेवेत होते त्या सगळ्यांना मी माझ्याकडे ठेवून घेतो. त्या माणसांनी मालकाबद्दल काय ऐकावं असं अँटनीला वाटत असेल? माझं मत, शब्द खरे आहेत आणि सोयीचेही आहेत, त्याच्या बाबतीत हे दोन्ही नेहमी एकत्रच असतं. तुम्हाला वेगळं वाटलं तर ओळी देऊन लिहा.